स्थानिक पालक

"ही नेस," म्हणत शालनकाकूंनी पलंगावर मोरपंखी साडी टाकली. "माझीच आहे. ब्लाउज जरा सैल होईल, पिना लावू."

"कशाला काकू? मी ड्रेसवर बरी आहे."

"पाहुणे यायचेत. चारचौघांत बरं दिसतं."

मी नेसले. आज सांगताना सुद्धा डोक्यात तिडीक जाते, पण तेव्हा मुकाट्याने नेसले. कारण स्वयंपाकघरातून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता आणि अमरावतीत आल्यापासून मी तसा वास घेतलाच नव्हता. मेसवर रोज पोळी, वरण आणि तेलात पोहणारं वांगं. काकूंनी निरोपच तसा पाठवला होता, 'रविवारी ये, आपल्याकडचा रस्सा करते, भाकरी पण करते.' उपाशी माणूस प्रश्न विचारत नाही. मी गजरा सुद्धा माळून घेतला.

मी रत्नप्रभा निकम, विट्याची. आप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारे. बी.एस्सी. झाल्यावर मला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. कोल्हापूरची यादी लागली तेव्हा माझं नाव अगदी थोडक्यात राहिलं, आणि अमरावतीच्या एका कॉलेजात जागा मिळाली. अमरावती म्हणजे आमच्या घरात कुणी नकाशात सुद्धा शोधली नव्हती. आप्पा पहिल्यांदा नाहीच म्हणाले. "तिकडं आपलं कोण आहे? आजारी पडलीस तर तोंडात पाणी कोण घालेल?" मी रडले, जेवले नाही, आईशी बोलले नाही. आणि मग एक दिवस आप्पा ड्यूटीवरून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "जा. सूर्यवंशी आहे तिथं. मी बोललोय त्याच्याशी."

मी गल्लीभर सांगत सुटले. इतरांचे बाप बघा आणि माझा बाप बघा. मुलीला एकटीला, एवढ्या लांब, शिकायला पाठवतोय.

विश्वासराव सूर्यवंशी आप्पांचे शाळेतले दोस्त. पाटबंधारे खात्यात नोकरी, बदली होऊन अमरावतीला आले ते साईनगरात घर बांधून राहिले. माझं सगळं त्यांच्यावर अवलंबून होतं, कारण मुलींच्या वसतिगृहाचा नियमच तसा होता. शहरात राहणारं, घरच्यांच्या ओळखीचं एक जबाबदार माणूस 'स्थानिक पालक' म्हणून हवं. कार्डावर त्याचा फोटो, त्याची सही. रविवारी बाहेर पडायचं तर त्याने यायचं, सही करून न्यायचं आणि परत आणून सोडायचं. स्थानिक पालक नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर शिक्षण नाही, कारण बाहेर खोली घेऊन राहायला आप्पांनी जन्मात परवानगी दिली नसती.

तर मी मोरपंखी साडीत, पिना टोचून घेत स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर चपला वाजल्या. काकूंनी माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला.

"रश्श्याआधी पोहे?" मी विचारलं.

"आधी पोहेच देतात," काकू म्हणाल्या आणि माझा पदर सारखा केला.

मी बाहेर गेले. तिघे बसले होते. एक जाडजूड गृहस्थ, पांढरी पँट, पांढरा शर्ट. त्यांच्या शेजारी सडपातळ बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आणि एक तिशीच्या आतला मुलगा, तो स्वतःच्या बुटांकडे असं बघत होता की जणू ते आजच पायात उगवलेत. मी प्लेट पुढे केली. गृहस्थांनी ती घेतली नाही.

"बस बेटा. नाव काय तुझं? पूर्ण सांग."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडी, गजरा, पोहे. विट्यात माझ्या मैत्रिणींचे किती कार्यक्रम मी दाराआडून बघितले होते. आणि इथे मीच ट्रे धरून उभी होते.

काका घाईघाईने म्हणाले, "रत्नप्रभा. आमच्या निकमची थोरली. रतन, हे थोरातसाहेब. राजापेठेत ह्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मूळचे आपल्याकडचेच, कराडचे. ह्यांचे आजोबा कापसाच्या जिनिंगच्या कामासाठी इकडे आले ते इथलेच झाले. पण सुना मात्र अजून आपल्याकडूनच आणतात. ह्या विमलवहिनी, ह्यांच्या धाकट्या भावजय. भाऊ वारले मागे. आणि हा त्यांचा अभय."

"चष्मा कधीपासून आहे?" थोरातांनी विचारलं. मला नव्हे, काकांना.

"वाचून वाचून लागलाय," काका हसले.

"हो का. तसं वाचायची सवय चांगली. पण आमच्याकडे नोकरी वगैरे करत नाही कुणी. हे एम.एस्सी. काय ते, ते सोडलं तरी चालेल. मार्गशीर्षात तारीख धरता येईल, कसं?"

आता बघा, मला चष्म्याबद्दल काही वाटलं नाही. सुट्या भागांच्या दुकानातून आले होते, भाग तपासायची सवय असेल. पण 'ते सोडलं तरी चालेल' म्हणताना त्या माणसाने हात असा झटकला की जणू पोह्यांवर माशी बसली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. किती रडून मिळवलेली गोष्ट होती ती.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. एक प्लेट उचलली, समोरच्या खुर्चीवर बसले आणि खायला लागले. काकू दारात आल्या होत्या, त्यांच्या तोंडाचा आ झाला.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मला जेवायला बोलावलंय. म्हणून मी खातेय."

मी त्या मुलाकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं का, मला सांगितलेलं नाही ते?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "मलाही आज सकाळीच सांगितलं," तो म्हणाला आणि परत बुटांकडे बघायला लागला.

"तुमचं शिक्षण?"

"बी.कॉम. केलं आहे."

"ते सोडून दिलं असतं तर चाललं असतं का?"

थोरात उठले. "सूर्यवंशी, मुलगी फार बोलते," एवढंच म्हणाले आणि चपलांकडे गेले. मुलगा त्यांच्यामागे गेला. ती बाई, विमलताई, सगळ्यांत शेवटी उठली. जाताना माझ्याकडे बघून घेतलं तिने, रागाने नाही आणि कौतुकाने पण नाही, नुसतं बघितलं. आख्ख्या कार्यक्रमात ती एक शब्द बोलली नव्हती.

मग काकूंनी रडून घेतलं. "आम्ही तुझ्या भल्याचं बघायला गेलो आणि तू आमचं नाक कापलंस." मटण मला कुणी वाढलं नाही आणि मी मागितलं नाही. खरं सांगायचं तर त्याची हळहळ मला बरीच वर्षं होती.

काकांनी स्कूटर काढली. मी मागे बसून मनातल्या मनात आप्पांना सांगायची वाक्यं जुळवत होते. तुमच्या दोस्ताने काय केलं बघा. तुम्ही विश्वासाने पोरगी सोपवली आणि ह्याने परस्पर बाजार मांडला. आप्पा त्याला माइकवरून शिव्या देतील अशी माझी खात्री होती.

वसतिगृहाच्या फाटकापाशी उतरल्यावर मी तेच बोलून दाखवलं. "आप्पांना कळलं की काय म्हणतील, विचार केलाय का काका तुम्ही?"

काका स्कूटर बंद न करताच हसले. "कळलं की? अगं, त्यालाच तर कळवलं होतं आधी. थोरातांचं स्थळ आहे, मुलगी इथे राहिली की बघणं होईल, भेटी होतील, परगावहून खेपा घालायला नकोत, म्हणून तर तो हो म्हणाला. नाहीतर निकम पोरीला अमरावतीला पाठवतोय होय? एवढी शिकलीस आणि एवढं कळलं नाही तुला?"

स्कूटर वळवून ते गेले. मी फाटकात उभी. अंगावर काकूंची साडी, ब्लाउजच्या पिना तशाच.

खोलीवर कल्पना होती, माझी खोलीमैत्रीण, दर्यापूरची. तिची आणि माझी भाषा एकमेकींना कळायला पहिले काही दिवस गेले होते, आता मला तिच्याशिवाय करमत नसे. ती कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून वं, लग्नाले गेलती का?"

मी सांगितलं. तिने हातातला कुर्ता तसाच खांद्यावर टाकला.

"पहिले तुह्या बापाले फोन कर. कोणाच्या बोलण्यावर जाऊ नको. मानसं काहीबी सांगतात."

कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून मी विटा स्टँडच्या कंट्रोल केबिनला फोन लावला. आप्पाच होते. मागे गाड्यांचा आवाज.

"आप्पा, थोरात कोण आहेत?"

त्यांनी केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"बघितलं का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला शिकायला पाठवलंय का बघायला ठेवलंय?"

"आगं, बघून घेतलं तर काय बिघडतंय? लगीच लग्न लावून दिलं का तुझं? चांगलं घर आहे. शिकत बसशील तोवर वय जाईल. दोन्ही कामं एकदम व्हायला काय हरकत होती?"

"मला सांगायला काय हरकत होती?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस का तू?"

"नसते गेले."

"मग?" आप्पा म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते तो बिनतोड युक्तिवाद होता. मागे कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवून तासगाव गाडी पुकारली, परत फोन उचलला आणि म्हणाले, "सूर्यवंशीची माफी माग आणि गप अभ्यास कर."

मी माफी मागितली नाही. बुधवारी रेक्टरबाईंनी बोलावलं.

पाचघरे मॅडम म्हणजे कडक काम. केस घट्ट बांधलेले, कुणी मोठ्याने हसलं तरी जिन्यावर येऊन उभ्या राहायच्या. त्यांनी माझं कार्ड टेबलावर ठेवलं. काकांच्या फोटोवर तिरकी रेघ मारलेली होती.

"सूर्यवंशी येऊन गेले. म्हणतात, मुलगी ऐकण्यातली नाही, मी जबाबदारी घेत नाही. काय केलं तू?"

"पोहे खाल्ले," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा काही हलला नाही.

"हे पाय, तुझं खरं असंल. पण नियम नियम आहे. शनिवारपर्यंत दुसरा पालक आण. नाही आणला तर मले घरी कळवावं लागंल, ते येऊन घेऊन जातील."

"माझ्या मैत्रिणीचे मामा आहेत इथे."

"मैत्रिणीचे मामा-काका चालत नाहीत. मागे त्यात फार भानगडी झाल्या. तुझ्या घरच्यांच्या ओळखीचं कोणी पाहिजे."

मी खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रडू येत नव्हतं, नुसता जाळ होत होता. विट्यात जाऊन काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. दुसरं स्थळ, दुसरे पोहे, आणि जन्मभर ऐकायचं, पाठवली होती की तुला, टिकली नाहीस. मी अमरावतीत कुणाला ओळखत होते? चौकातल्या गिला वडेवाल्याला, तोंडओळखीपुरतं. माझ्या घरच्यांच्या ओळखीचं अख्ख्या शहरात दुसरं एकच घर होतं. आणि ते घर माझ्या घरच्यांना फारच चांगलं ओळखीचं होतं.

"थोरातांचं घर कुठे असेल गं?" मी कल्पनाला विचारलं.

"येडी झाली काय वं तू?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानावर जाऊन पत्ता तिनेच काढून आणला.

मी गुरुवारी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत गेले. पुरुष दुकानात असतील हा हिशोब. विमलताई पडवीत मोठ्या परातीत आवळे किसत बसल्या होत्या. मला बघून किसणी थांबली, पण उठल्या नाहीत.

"बस," एवढंच म्हणाल्या.

"बसायला नाही आले. तुम्ही लोकं मला न विचारता बघायला आलात. मी बोलले म्हणून सूर्यवंशी काकांनी नाव काढून घेतलं. आता शनिवारी माझी खोली जातेय. माझं काही चुकलेलं नाही. त्यामुळे आता तुम्ही माझ्या स्थानिक पालक व्हा."

त्यांनी पदराला हात पुसले. "सासू व्हायला आले होते मी. पालक हो म्हणतेस?"

"हो."

"मुलाला नको म्हणायचं आणि आईकडे सही मागायला यायचं. फार धिटाई आहे तुझ्यात."

"धिटाई नाही, संताप आहे."

त्या हसल्या. समोरचे दोन दात किंचित पुढे होते, हसल्यावर एकदम लहान वाटल्या. "तुला सांगितलेलं नव्हतं, ते मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सांगितलेली पोरगी खाली बघत येते. तू आमच्याकडे बघत आलीस, प्लेटी पुरतील का अशा चेहऱ्याने."

"मग बोलला का नाहीत?"

"भाऊजी बोलत होते ना."

मला त्यांचाही राग आला. सगळ्यांनाच सगळं कळलेलं असतं आणि कुणीतरी भाऊजी नेहमी बोलत असतो. "सही कराल का?" मी विचारलं. "फोटो लागतो आणि सही."

"माझा एकटीचा फोटो नाही," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजींना विचारावं लागेल."

झालं. माझा तोल गेला. "मग राहू द्या. माझ्या बाबतीत सूर्यवंशी काकांनी आप्पांना विचारलं, आप्पांनी त्यांना विचारलं, थोरातांनी सगळ्यांना विचारलं. फक्त मला विचारायचं राहिलं. आता तुम्ही पण विचारा. विचारा आणि मार्गशीर्षात तारीख धरा."

मी निघाले. फाटकापर्यंत येईस्तोवर मागून किसणीचा आवाज परत सुरू झाला होता.

शुक्रवारी मी पेटी भरली. कल्पना मदत करत होती आणि नाक ओढत होती. "बापाच्या पाया पडून पाय, एवढं एक खेपेले," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, मी पाया पडले असते, पण पाया कशासाठी पडायचं तेवढं सांग. ती माझ्या वह्या पेटीत रचायला लागली.

शनिवारी सकाळी शिपाईमावशी वर आल्या. "निकम, तुले खाली बलावलं."

ऑफिसात विमलताई उभ्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, केसांना तेल, कपाळावर घाम. लुना चालवत आल्या होत्या. मॅडमच्या टेबलावर पासपोर्टच्या आकाराचा कोरा करकरीत फोटो होता. त्यात त्या कॅमेऱ्याकडे इतक्या रागाने बघत होत्या की मला हसू आलं.

"काल राजकमल चौकात जाऊन काढला," त्या मला म्हणाल्या. "फोटोवाला म्हणतो, बाई, हसा. म्हटलं, कशाला?"

पाचघरे मॅडमनी कार्ड पुढे ओढलं. "मुलीशी नातं काय?"

"लिहायलाच पाहिजे का?"

"रकाना आहे."

विमलताईंनी जरा विचार केला. "लिहा, माहेरची."

मॅडमनी तेच लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सही सावकाश केली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. मी काही बोलायच्या आत त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "रविवारी नेणार नाही हं मी तुला. घरात भाऊजी आहेत. इथेच अभ्यास करायचा."

मला वाटलं, संपलं. पण सूर्यवंशी काकांनी विट्याला फोन केलाच. पुढच्याच आठवड्यात सकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेसने आप्पा बडनेऱ्याला उतरले आणि थेट वसतिगृहावर आले. अभ्यागतांच्या खोलीत खाकी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. प्रवासाने चेहरा काळवंडलेला. त्यांना बघून मला दया आली, आणि त्याच क्षणी चीडही आली की दया येतेय कशाला.

"सामान भर," आप्पा म्हणाले. "दुपारच्या गाडीने निघायचंय."

"का?"

"का म्हणजे? तू लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांना फितवतेस. सूर्यवंशीला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. बस झालं शिक्षण."

मी काही बोलणार, तोवर दारात पाचघरे मॅडम आल्या. हातात कार्ड आणि एक कागद.

"निकमसाहेब, मुलगी नेता येणार नाही. स्थानिक पालकांची सही लागते."

"मी बाप आहे तिचा."

"ते मान्य आहे मले. पण तुम्हीच लिहून दिलं आहे ॲडमिशनच्या वेळेस. हे पाहा. 'मुलीला वसतिगृहातून नेणे-आणणे आदी सर्व बाबतीत स्थानिक पालकांचा निर्णय अंतिम राहील.' खाली सही तुमची."

"अहो, ते मी सूर्यवंशीसाठी दिलं होतं लिहून."

"त्यात सूर्यवंशीचं नाव नाही. स्थानिक पालक असं आहे." मॅडमचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता. "बाईंना निरोप पाठवला आहे मी. येतील एवढ्यात. तुम्ही चहा घेता का?"

आप्पांनी तो कागद हातात घेऊन परत वाचला. आयुष्यभर त्यांनी प्रवाशांना नियम सांगितले होते, आज पहिल्यांदा त्यांना कुणी सांगत होतं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. मी समोर उभी. बाहेर लुना थांबल्याचा आवाज झाला.

विमलताई आत आल्या. आप्पा उठले आणि नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. त्यांच्या हिशोबी ही अजूनही मुलाची आई होती.

"वहिनी, पोरीचं चुकलं. मी तिला घेऊन जातोय. तेवढी सही करा."

"मी करणार नाही," विमलताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती शिकायला आलीय. शिकून झाली की घेऊन जा. मी सही करीन, पेढे पण देईन."

आप्पांचा आवाज चढला. "अहो, तुमच्याच घरातनं मागणी आली होती की."

"मागणी भाऊजींनी घातली. त्यावर माझी सही नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. "अभयच्या वेळी कुणी मला विचारलं नाही. माझ्या वेळी मला विचारलं नाही. कराडहून गाडीत बसवलं आणि इथे उतरवलं. तीस वर्षं झाली, रेशनकार्डापलीकडे माझी सही कशाला लागली नाही. ह्या पोरीने मागितली. घरी काय ऐकायचं ते मी रोज ऐकतेय. पण आता केलीय तर केलीय."

पाचघरे मॅडमनी कार्ड मिटलं आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. आप्पा खाली बसले. खाकी पिशवीचा बंद त्यांनी सोडला, परत बांधला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, जरा गोंधळून.

"मग तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

माझे डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून मी आणखी चिडले. किती साधा प्रश्न होता तो. विट्यात आमच्या सोप्यावर बसून, चहा पिता पिता विचारता आला असता.

"हे विचारायला तुम्हाला अमरावतीपर्यंत यावं लागलं, आप्पा," मी म्हणाले. "माझं प्रॅक्टिकल आहे. उशीर होतोय."

आणि मी वर जाऊन ॲप्रन घेतला आणि कॉलेजला गेले.